वाचकांचे प्रश्न : प्रेमकथा, प्रार्थना आणि परीक्षण

ख्रिस्ती श्रद्धेच्या पार्श्वभूमीवर लिहिलेल्या इंग्रजी प्रेमकादंबऱ्या गोव्यातील मराठी घरांतही आवडीने वाचल्या जातात, हे या सदराकडे आलेल्या पत्रांवरून दिसते. त्यांतील बहुतेक पत्रलेखकांना एकच गोष्ट विचारायची आहे : आवडत्या लेखिकेला हातभार लागावा म्हणून परीक्षण लिहायचे असेल, तर ते कसे लिहावे? म्हणून या अंकात इतर विषयांची पत्रे बाजूला ठेवून केवळ याच पत्रांना उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. शेजारच्या बाई मला त्यांच्याकडील ख्रिस्ती प्रेमकादंबऱ्या वाचायला देतात. नुकतीच वाचलेली कादंबरी मला फार आवडली. अमेरिकेतील मोंटाना राज्यातल्या एका बर्फाळ खेड्यात राहणारी तरुण विधवा आणि भावाच्या मृत्यूनंतर देवावर रुसलेला गुरांचा डॉक्टर यांची ती कथा आहे. रिकाम्या गोठ्यात उभी राहून नायिका देवाशी भांडते, ते प्रकरण मी दोनदा वाचले. नायक मात्र एकाच प्रवचनाने बदलतो, ते मनाला पटले नाही. लेखिकेला मदत व्हावी म्हणून मी पुढीलप्रमाणे परीक्षण लिहिले आहे : "अतिशय सुंदर व हृदयस्पर्शी कादंबरी. सर्वांनी जरूर वाचावी. लेखिकेला पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा." यात काही सुधारणा हवी का? (एक वाचिका, म्हापसा)

उत्तर : आपले पत्र आणि आपले परीक्षण शेजारी ठेवून वाचले, तेव्हा असे दिसले की खरे परीक्षण पत्रात आहे आणि परीक्षणात मात्र केवळ शुभेच्छा आहेत. 'पुढील वाटचालीस शुभेच्छा' हे शब्द शाल-श्रीफळ देताना शोभतात. पुस्तक घ्यावे की न घ्यावे अशा विचारात असलेल्या वाचकाला त्यांतून काहीच कळत नाही. परीक्षण लेखिकेच्या भल्यासाठी लिहिले, तरी ते वाचणारी व्यक्ती लेखिका नसून आपल्यासारखीच दुसरी वाचिका असते. तिला ते पुस्तक आपले वाटले आणि तिने ते विकत घेतले, तरच लेखिकेला उपयोग होतो. उलट, सर्वांनी वाचावे अशी शिफारस ऐकून भलत्याच वाचकाने ते घेतले, तर त्याची नाराजी दोन दिवसांत तेथेच, आपल्या परीक्षणाच्या खाली, उमटते.

या प्रकारच्या कादंबऱ्यांच्या वाचकाला नेमके काय जाणून घ्यायचे असते, याचा थोडा विचार करावा. शेवटी नायक-नायिकेचे जुळते, हे रहस्य नव्हे. प्रेमकादंबरी हाती घेणारा ते गृहीतच धरतो. त्याला हवे असते ते कथेतील श्रद्धेचे प्रमाण आणि तिचा बाज. एखाद्या कादंबरीत नायिका रविवारी चर्चला जाते, एवढ्यावरच श्रद्धेचा विषय संपतो. दुसरीत देवाशी तुटलेले नाते पुन्हा जुळणे हीच मुख्य कथा असते आणि विवाह तिच्या ओघात येतो. दुसरी बाब शारीरिक जवळिकीची. ख्रिस्ती प्रकाशनांच्या बहुतेक प्रेमकादंबऱ्यांत ती चुंबनापाशी थांबते आणि शिवीगाळही नसते, त्यामुळे अनेक जणी ही पुस्तके निःशंकपणे मुलींच्या हाती देतात. परंतु संयत वर्णन म्हणजे सौम्य विषय नव्हे. फ्रान्सिन रिव्हर्स यांची १९९१ साली आलेली 'रिडीमिंग लव्ह' ही या प्रकारातील अत्यंत गाजलेली कादंबरी बायबलमधील होशेय संदेष्ट्याच्या कथेवर बेतलेली आहे, आणि तिची नायिका लहानपणीच वेश्याव्यवसायात विकली गेलेली आहे. 'सुंदर, हृदयस्पर्शी' एवढेच वाचून तेरा वर्षांच्या नातीसाठी ते पुस्तक नेणाऱ्या आजीची पंचाईत होईल, आणि तो दोष पुस्तकाचा नसून परीक्षणाचा असेल.

आता आपल्याच पत्रातील मजकूर घेऊन परीक्षण असे होऊ शकते : "बर्फात अडकलेल्या खेड्यातील तरुण विधवेची ही संथ लयीची प्रेमकथा आहे. पतीच्या निधनानंतर रिकाम्या गोठ्यात ती देवाला जाब विचारते, ते प्रकरण दुःख सोसलेल्या वाचकाला जवळचे वाटेल. नायकाचे हृदयपरिवर्तन एकाच प्रवचनात उरकल्यामुळे उत्तरार्ध थोडा घाईचा वाटला. प्रार्थना व बायबलमधील वचने बरीच आहेत. शृंगारिक वर्णने नाहीत." यातील तिसरे वाक्य गाळण्याचा मोह आपल्याला होईल, परंतु ते गाळू नये. एक उणीव प्रामाणिकपणे सांगितली की उरलेल्या कौतुकावर वाचकाचा विश्वास बसतो.

हे परीक्षण कोठे नोंदवावे, हेही पाहू. अ‍ॅमेझॉनच्या भारतीय दुकानात लिहिलेले परीक्षण प्रामुख्याने भारतीय ग्राहकांना दिसते आणि अन्य देशांतील परीक्षणे तेथे वेगळ्या भागात दाखवली जातात. गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर मात्र पुस्तकाचे पान जगभरच्या वाचकांसाठी एकच असते, त्यामुळे लेखिका अमेरिकेतील असेल तर आपला मजकूर तेथे अधिक उपयोगी पडेल. गुडरीड्स ही संस्था २०१३ पासून अ‍ॅमेझॉनच्याच मालकीची आहे. तरीही दोन्ही ठिकाणी परीक्षण स्वतंत्रपणे लिहावे लागते. पुस्तक इंग्रजी असल्याने साध्या इंग्रजीत चार वाक्ये लिहावीत. तेच मराठीत लिहून एखाद्या वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीकडे पाठवले, तर ज्यांना अशी पुस्तके असतात हेच ठाऊक नाही अशा वाचकांपर्यंत ते पोहोचेल.

प्रश्न : मी हिंदू आहे. या कादंबऱ्या वाचताना नायिकेची प्रार्थना मलाही भिडते. पण परीक्षण लिहायला बसलो की वाटते, ज्या श्रद्धेत आपण वाढलो नाही तिच्यावर बोलण्याचा आपल्याला काय अधिकार? शिवाय घरातील वडीलधाऱ्यांच्या मते हा सारा धर्मप्रचार आहे. (एक वाचक, फोंडा)

उत्तर : वडीलधाऱ्यांची शंका अगदीच निराधार नाही, म्हणून तिचे उत्तर आधी देतो. थॉमस नेल्सन आणि झोंडर्व्हन यांच्यासारख्या या क्षेत्रातील मोठ्या संस्था बायबल व धार्मिक ग्रंथांच्या प्रकाशनातून वाढल्या आहेत आणि श्रद्धा दृढ व्हावी हा हेतू त्या लपवत नाहीत. आजच्या ख्रिस्ती प्रेमकादंबरीची सुरुवात साधारणपणे जॅनेट ओक यांच्या १९७९ सालच्या 'लव्ह कम्स सॉफ्टली' या कादंबरीपासून धरतात. तीही एका धार्मिक प्रकाशनसंस्थेनेच काढली होती. मात्र १९९७ साली हार्लेक्विन या निव्वळ व्यावसायिक प्रेमकथांच्या प्रकाशकानेही या प्रकारासाठी स्वतंत्र मालिका सुरू केली, यावरून त्यामागे वाचकांची खरीखुरी मागणीही होती हे कळते. तेव्हा एखादे पुस्तक उपदेशाकडे झुकले असेल तर तसे लिहावे, आणि झुकले नसेल तर तेही लिहावे.

अधिकाराचा प्रश्न आपण उगाच मोठा केला आहे. मिलाग्रीस सायबिणीच्या (मारियामातेच्या) फेस्ताला म्हापशात तेल वाहायला जाणाऱ्यांत हिंदू भाविक असतात, आणि लोकपरंपरा सायबिणीला शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानते. अशा प्रदेशातील माणसाने शेजारधर्माच्या कथेबद्दल चार ओळी लिहिताना एवढे अवघडण्याचे कारण नाही. फक्त सिद्धांत आणि कथा यांत गल्लत होऊ देऊ नये. क्षमा कृपेने मिळते की कर्माने, या वादात परीक्षकाने शिरू नये. पात्राची प्रार्थना त्याच्या अडचणीतून आलेली आहे की प्रकरण संपवायचे म्हणून लेखिकेने चिकटवलेली आहे, हे मात्र कोणत्याही धर्माच्या जाणत्या वाचकाला कळते आणि त्याने ते बेलाशक सांगावे. 'मी ख्रिस्ती नाही' असे एक वाक्य परीक्षणात असू द्यावे. आपल्या घराबाहेरच्या वाचकालाही आपली कथा भिडली, हे लेखिकेला आणि प्रकाशकाला एरवी सहसा कळत नाही.

प्रश्न : मी कॅथलिक आहे, घरात रोज तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणतो. 'ख्रिस्ती' म्हणून घेतलेल्या कादंबरीत तेर्स नाही, कुमसार (धर्मगुरूपाशी पापांची कबुली) नाही, सायबिणीचे नावही नाही. पाद्रीला तर बायको आणि तीन मुले! रागाने दोन तारे देऊन मोकळा झालो. चुकले का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : राग समजण्यासारखा आहे, तारे मात्र न्याय्य नाहीत. या कादंबऱ्यांचा मोठा भाग अमेरिकेतील इव्हँजेलिकल प्रॉटेस्टंट लेखिकांनी आपल्याच वाचकांसाठी लिहिलेला असतो. त्यांच्या पंथात पास्टर विवाहित असतात, पापांची कबुली धर्मगुरूच्या कानात न सांगता थेट देवापाशी दिली जाते आणि श्रद्धेचा कळस म्हणजे येशूचा व्यक्तिगत स्वीकार करण्याचा क्षण मानला जातो. कथेतील कलाटणी बहुधा याच क्षणापाशी येते. त्यातलीच एक शाखा आमिश समाजातील प्रेमकथांची असून, बेव्हर्ली लुईस यांच्या १९९७ सालच्या 'द शनिंग' या कादंबरीनंतर ती विशेष फोफावली. घोडागाडीतून फिरणाऱ्या, विजेपासून दूर राहणाऱ्या या समाजाच्या चालीरीती तर बहुसंख्य अमेरिकी प्रॉटेस्टंटांनाही नवख्याच आहेत. जे पुस्तक कॅथलिक असल्याचा दावाच करत नाही, त्याला कॅथलिक नसल्याबद्दल शिक्षा करता येत नाही. मात्र आपल्याला खटकलेली हीच बाब माहिती म्हणून लिहिली, तर दुसऱ्या गोमंतकीय वाचकाच्या ती फार उपयोगी पडेल : "कथा प्रॉटेस्टंट वातावरणातील आहे, कॅथलिक वाचकाला ओळखीचे विधी यात सापडणार नाहीत."

ताऱ्यांविषयी एक खुलासा येथेच करतो. गुडरीड्सच्या स्वतःच्या परिभाषेनुसार तीन तारे म्हणजे 'आवडले' आणि दोन म्हणजे 'ठीक'. अ‍ॅमेझॉनवर मात्र तीन आणि त्याहून कमी ताऱ्यांची परीक्षणे टीकात्मक म्हणून गणली जातात. एकच पुस्तक दोन्हीकडे तीन ताऱ्यांचे ठरवताना हा फरक ध्यानात असावा. आपण आपले परीक्षण केव्हाही बदलू शकता. तसे जरूर करावे.

प्रश्न : एका लेखिकेने समाजमाध्यमावर आवाहन केले, त्यानुसार मला प्रकाशनापूर्वीच तिच्या कादंबरीची ई-प्रत मोफत मिळाली. आता तिच्याबद्दल चांगलेच लिहिणे भाग आहे का? (एक वाचिका, डिचोली)

उत्तर : मुळीच नाही. प्रकाशनपूर्व प्रत देण्याची प्रथा जुनी आहे आणि पुस्तकांच्या बाबतीत अ‍ॅमेझॉनही तिला हरकत घेत नाही. अनुकूल मजकुराची अट घालणे किंवा परीक्षणासाठी पैसे देणे-घेणे मात्र नियमबाह्य आहे. प्रत मोफत मिळाली हे परीक्षणात स्पष्ट लिहावे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या व्यापार-नियामक संस्थेच्या मार्गदर्शक सूचना तेच सांगतात. भारतातही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली काढलेली मार्गदर्शक तत्त्वे शिफारस करणारा आणि विक्रेता यांच्यातील लाभाचे नाते उघड करावे अशीच अपेक्षा ठेवतात. वेळेचे भान मात्र ठेवावे. ही प्रत पुस्तक बाजारात येईल त्या सुमारास काही परीक्षणे तयार असावीत म्हणूनच दिलेली असते. सहा महिन्यांनी लिहिलेल्या उत्तम परीक्षणापेक्षा पहिल्या आठवड्यातले साधे परीक्षण लेखिकेच्या अधिक कामी येते.

प्रश्न : आमचे कुटुंब मूळचे वसईचे, आता वास्कोत स्थायिक आहे. माझ्या भाचीने वसईच्या ख्रिस्ती समाजातील एक प्रेमकथा मराठीत लिहून स्वतःच ई-पुस्तक म्हणून प्रसिद्ध केली आहे. "मामा, घरातल्या सगळ्यांनी पाच तारे द्या," असा तिचा लकडा चालू आहे. तिला नाही म्हणवत नाही. (एक वाचक, वास्को)

उत्तर : मामाने नाहीच म्हणावे, आणि तसे म्हणण्यासाठी नियमाचा आधारही आहे. लेखकाच्या कुटुंबीयांनी व निकटच्या मित्रांनी परीक्षण लिहू नये, असा अ‍ॅमेझॉनचा स्पष्ट नियम असून अशी परीक्षणे काढून टाकली जातात. ती टिकली तरी एकाच आडनावाचे सात जण एकाच दिवशी भारावून गेलेले पाहून चाणाक्ष वाचक काय ते ओळखतो, आणि भाचीच्या खऱ्या गुणांवरही त्याचा विश्वास बसत नाही.

मामाने करण्यासारखे दुसरे पुष्कळ आहे. पुस्तक विकत घ्यावे, आणि ते वाचण्याची शक्यता असलेल्या ओळखीच्या लोकांना सांगावे. अशा वाचकांनी स्वतःहून लिहिलेले परीक्षण कितीतरी मोलाचे ठरते. पुस्तक अ‍ॅमेझॉनच्या किंडल अनलिमिटेड या वर्गणी योजनेत असेल, तर लेखिकेला मोबदला वाचलेल्या पानांच्या हिशेबाने मिळतो. उतरवून घेऊन न उघडलेल्या पुस्तकाचे तिला काहीच मिळत नाही, म्हणून नातेवाइकांनी ते खरोखर शेवटपर्यंत वाचावे. भारतातील विक्रीवर सत्तर टक्के मानधन हवे असेल, तर ई-पुस्तक अ‍ॅमेझॉनच्या केडीपी सिलेक्ट या लेखकांसाठीच्या योजनेत असावे लागते. एरवी ते पस्तीस टक्के असते. भाचीने या अटी पाहिल्या आहेत का, हेही विचारावे. छापील प्रत काढल्यास ती नियतकालिकांकडे अभिप्रायार्थ पाठवावी. ख्रिस्ती विषयावरील मराठी लेखनाला घर नाही असे तिला वाटत असेल, तर ते खरे नव्हे. १६१६ साली राशोल येथे छापले गेलेले फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण', १८४२ साली अहमदनगरहून निघू लागलेले 'ज्ञानोदय' नियतकालिक, १८५७ सालची बाबा पद्मनजींची 'यमुनापर्यटन', लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आणि खुद्द वसईतून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी दीर्घकाळ संपादित केलेले 'सुवार्ता' मासिक ही सारी तिचीच वडीलधारी मंडळी आहेत. त्यांतील 'यमुनापर्यटन' तर मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते. ती प्रेमकथा नव्हे, हिंदू विधवांच्या दुःस्थितीचे निरूपण आहे. पण श्रद्धा आणि संसार एका कथेत गुंफण्याचा मराठीतील प्रयत्न तेथपर्यंत मागे जातो. गोव्यात रोमी (रोमन लिपीतील) कोंकणीत तर लोकप्रिय कादंबऱ्यांची केवढी तरी रेलचेल होती. एकट्या रेजिनाल्ड फर्नांडिस यांच्या नावावर शंभरांहून अधिक आहेत. भाचीच्या पुस्तकाबद्दल परीक्षकाने लिहावे ते या पार्श्वभूमीवर. अमेरिकेतील कादंबऱ्यांच्या साच्यात ते बसते की नाही, ही त्याची कसोटी नव्हे.

प्रश्न : पुस्तक मुळीच आवडले नाही तर गप्प बसावे का? (एक वाचिका, पेडणे)

उत्तर : अर्धवट सोडलेल्या पुस्तकाबद्दल गप्प बसणे योग्य. पूर्ण वाचून आवडले नसेल तर कारणासह लिहावे, पण लेखिकेच्या श्रद्धेच्या खरेपणावर शिंतोडे उडवू नयेत. ख्रिस्ती पुस्तकांच्या परीक्षणांत 'ही बाई खरी ख्रिस्ती नसावी' अशा धर्तीची वाक्ये पुष्कळदा दिसतात. ती परीक्षणे नव्हेत. आणि न आवडलेल्या पुस्तकाच्या परीक्षणात लेखिकेचे नाव टॅग करून ते तिच्यापर्यंत पोहोचवण्याचा उद्योग तर अजिबात करू नये. ते वाचकांसाठी लिहिलेले असते.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते. आमच्या प्रार्थनागटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर अशा कादंबऱ्यांच्या पीडीएफ येतात. नवी पुस्तके मला परवडत नाहीत. मी पीडीएफ वाचून भरभरून परीक्षण लिहिले, तर लेखिकेचे ऋण फिटेल ना? (एक वाचिका, काणकोण)

उत्तर : फिटणार नाही. आपले परीक्षण एक ग्राहक मिळवून देईल, पण ती पीडीएफ त्याच वेळी गटातील चाळीस जणींना ग्राहक होण्यापासून परावृत्त करत असते. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, तेव्हा हयात लेखिकांच्या बाबतीत तर संदिग्धता नाहीच. परीक्षणासाठी पुस्तकातील एखादा उतारा उद्धृत करण्यास १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ ने मुभा दिली आहे. सबंध पुस्तक पुढे पाठवण्यास नाही.

पैसे नसले तरी वाट अडलेली नाही. या प्रकाराच्या पूर्वसुरी मानल्या जाणाऱ्या ग्रेस लिव्हिंग्स्टन हिल १९४७ साली वारल्या, म्हणजे आपल्याकडे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्यांचा स्वामित्वहक्क संपला आहे. त्यांच्या कित्येक जुन्या कादंबऱ्या प्रोजेक्ट गुटेनबर्गवर कायदेशीरपणे मोफत मिळतात. नव्या पुस्तकांसाठी आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांकडे किंवा पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाकडे खरेदीची लेखी सूचना द्यावी. १८३२ साली स्थापन झालेले हे ग्रंथालय आता पाटो येथे आहे. ग्रंथालयाने एक प्रत घेतली की लेखिकेची एका प्रतीची विक्री होते आणि ते पुस्तक पुढे अनेक जणींच्या हाती जाते. त्यांतील कोणी परीक्षण लिहिले तर तेही पदरात पडते. सूचनेत पुस्तकाचे व लेखिकेचे नाव, प्रकाशक, वर्ष आणि आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) न चुकता लिहावा, कारण एकाच शीर्षकाच्या दोन-तीन प्रेमकादंबऱ्या असणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. कादंबरी एखाद्या मालिकेतील असेल तर पहिला भाग मागवावा. प्रार्थनागटातील चार-पाच जणींनी त्याच पुस्तकासाठी वेगवेगळे अर्ज दिले, तर ग्रंथपालांनाही मागणीचा अंदाज येईल.